भुलाबाईच्या गाण्यांचा पंचनामा

"घटनास्थळाले हात लावू नका!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात पोछा होता. प्रताप नगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नुकतीच भाड्याने राहायला आले होते, आणि माझ्या बाथरूममधलं पाणी झिरपून खाली घरमालकांच्या बैठकीच्या भिंतीवर उतरलं होतं. मी ओशाळून पुसायला धावले, तर घरमालक मधे आडवे. अंगात बनियन, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, हातात मोजायचा टेप.

"पोछा खाली ठेव पोरी. आधी पंचनामा."

मग पंच बोलावले गेले. एक समोरच्या घरातले गणिताचे निवृत्त सर आणि दुसरा सायकलवरून चाललेला दूधवाला, त्याला फाटकातच अडवला. भिंतीवरची ओल टेपने मोजली गेली. दूधवाल्याला गंभीरपणे विचारण्यात आलं, की भिंतीवर जे दिसून राहिलं ते काय आहे. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि सांगितलं, "पाणी हाये साहेब. आता जाऊ काय? दूध नासून राहिलं."

नंतर प्लंबर आला आणि नळातला एक झिजलेला वॉशर काढून दिला. घरमालक काकांनी तो चिमटीत धरून उजेडात नेला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यासमोर धरला. "पाह्य! शकल तं पाह्य लेकाची!" मी पाहिली. वॉशर वॉशरसारखाच दिसत होता, पण मी मान डोलावली.

ते फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. खात्याने त्यांना निरोप देऊन बरीच वर्षं झाली होती, पण खात्याला निरोप द्यायचं त्यांच्या काही मनात आलं नव्हतं. त्या घरात वस्तू बिघडत नसत, गुन्हे घडत. रिमोट सापडेना म्हणजे तो फरार. मिक्सर जळला म्हणजे तो मयत. पंखा कुरकुरायला लागला की तो खबरी, कारण तो आतली बातमी आधीच देऊन राहिला आहे. बंद पडलेल्या वस्तू जिन्याखालच्या कपाटात जात आणि त्या कपाटाला घरात सगळेच कोठडी म्हणत. काकूसुद्धा. "कोठडीतली इस्त्री काढून द्या ना," असं त्या इतक्या सहज म्हणायच्या, की नवख्या पाहुण्याने घाबरून चहा न घेताच निघावं.

मात्र यंत्रावर हात उगारलेला त्यांना खपत नसे. मी एकदा माझ्या हट्टी टीव्हीच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा ते खालून जिना चढून वर आले होते. म्हणाले, "मारलं की आरोपी खोटं बोलते. तू त्याच्यासमोर चहा घेऊन बस. त्याले विचार कर, काहून बंद पडून राहिला बाबू तू? शेवटचा कोणासोबत होता?" आणि ते खरंच बसले. माझ्या टीव्हीसमोर, माझाच चहा घेऊन. टीव्ही थोड्या वेळाने सुरू झाला, तो चौकशीने की आपोआप, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणखी एक गंमत म्हणजे या माणसाला खोटं बोलता येत नसे. एकदा सरांचे कोणी लांबचे नातेवाईक फोनवर फोन करत होते. सरांनी वैतागून फोन काकांच्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, मी घरी नाही म्हणा. काकांनी फोन कानाला लावला. "हायेत. माझ्यासमोरच उभे हायेत. हात हलवून नाही म्हणून राहिले." सर पुढे बरेच दिवस त्यांच्याशी फक्त पंच म्हणूनच बोलत होते.

काकू उमरेडच्या. त्यांच्या माहेरी घरात हातमाग होते आणि मागावर बसलेल्या बायका कामासोबत गाणी म्हणायच्या, त्यामुळे काकूंकडे भुलाबाईची अशी गाणी होती जी गल्लीत दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं, की भुलाबाई म्हणजे पार्वती, माहेरी आलेली. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोबा मांडायचे, पोरींनी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी हलवून बघायचा, गोड का तिखट विचारायचं, आणि ओळखला नाही तोवर झाकण उघडायचं नाही. आमच्या गल्लीची भुलाबाई काकूंच्या अंगणात बसे आणि गाणी काकूच सांगत. हा त्यांचा मान होता, कोणी न देता मिळालेला.

मी राहायला आले त्याच्या आदल्या कोजागिरीला काकू एका गाण्याच्या मधेच थांबल्या होत्या. हे मला सरांच्या बायकोने सांगितलं. पुढची ओळ आठवेना. पोरी टिपऱ्या धरून थांबल्या, बायकांनी नजरा खाली घातल्या आणि काकू उठून आत गेल्या. त्यानंतर लहानसहान गोष्टीही हातून सुटायला लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडे. मला त्या कधी माझ्या नावाने हाक मारत, कधी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या. दोन्हीला मी ओ देत असे. डॉक्टरांचं औषध सुरू होतं, पण त्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

"मी नाही म्हणत आता भुलाबाई," एवढं त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं.

तेव्हा काकांना आठवलं, की आपल्याकडे पुरावा आहे! फार पूर्वी, नवा माइक तपासून पाहायचा म्हणून त्यांनी काकूंना समोर बसवून त्यांच्याकडून सगळी गाणी म्हणवून घेतली होती. ती बैठकीतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये होती. पुढच्या कोजागिरीला काकांनी खिडकीत स्पीकर ठेवला, मीडिया प्लेअर लावला आणि काकूंचा आवाज अंगणात घुमला. पोरी नाचल्या. काकू खुर्चीवर बसून ऐकत राहिल्या. ती भुलाबाई मीही पाहिली. काका त्या दिवशी इतके खूश होते, की त्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं.

आणि मग यावर्षी, कोजागिरी अगदी तोंडावर आलेली असताना, तो अपडेट आला.

पडद्यावर चौकट आली असणार, नवीन सुधारणा बसवायच्या का म्हणून. काकांनी लगेच 'हो' दाबलं. का दाबलं, हे मी नंतर विचारलं तर म्हणाले, "वरून आलेला आदेश होता वं. आपण काय नाही म्हणणार?" कॉम्प्युटर बराच वेळ स्वतःशीच फिरत बसला आणि बंद होऊन परत सुरू झाला. काकांनी सवयीने एक गाणं लावून पाहिलं. पहिली ओळ झाली आणि प्लेअर गपकन मिटला. खिडकी गेली, आवाज गेला, पडद्यावर नुसता डोंगराचा फोटो.

मी ऑफिसला निघाले होते. बर्डीवरच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी बसते. जिना उतरतानाच आरोळी ऐकू आली.

"घटनास्थळाले हात लावू नका!"

हात लावायला तिथे कोणी नव्हतंच. बैठकीत काका एकटे खुर्चीतून अर्धवट उठून, दोन्ही हात पसरून कॉम्प्युटरपुढे उभे होते. त्यांनी मला तिथल्या तिथे पंच नेमलं. मी म्हटलं काका, बस जाईल माझी. ते म्हणाले, बस परत येते, पुरावा परत येत नाही. मी बसले.

पुन्हा गाणं लावलं. पहिली ओळ, आणि गप. दुसरं गाणं लावलं. पहिली ओळ, आणि गप. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला चक्क उत्साह दिसला त्यांच्या डोळ्यांत! बाथरूमचे वॉशर आणि फरार रिमोट यांच्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला शेवटी एक खरीखुरी केस मिळाली होती.

"पद्धत पाह्यली का तू? वेळ तीच, जागा तीच. पहिली ओळ झाली की मारते. हा सराईत हाये."

सगळ्यात आधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. त्याला ते आरोपीला शुद्धीवर आणणं म्हणाले. उपयोग शून्य. मग प्लेअर काढून टाकून नव्याने बसवला, म्हणजे आधी हद्दपार आणि मग परत प्रवेश. तोही आल्या पावली पहिल्या ओळीनंतर मिटला. मी ती गाणी माझ्या फोनवर घेऊन पाहिली, पण इतक्या जुन्या पद्धतीने भरलेली गाणी फोन उघडेचना. ती बदलून नव्या पद्धतीत करता येतील असं मी सुचवलं तर काका ताडकन म्हणाले, "मुद्देमालात फेरफार? माझ्या घरात? आन एकदाच भरली हायेत वं ही गाणी तिच्या आवाजात. उद्या बिघडली तं कुठून आणू मी?"

या शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फौजदाराचा राहिला नव्हता. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पोरी, गेल्या साली हे वाजलं म्हणून ती बाहेर येऊन बसली तरी. औंदा नाही वाजलं तं ती आतच बसन. आन एक डाव आत बसली, की मंग मले नाही वाटत ती पुन्हा बाहेर येईन."

मी ऑफिसला फोन करून सांगितलं, घरी अडचण आहे. ती खरीच होती.

पुढचे चार-पाच दिवस मी असे काढले, की आठवले तरी अंगात स्फुरण चढतं. ऑफिस सुटलं की मी धावत बस पकडायची आणि घरी येऊन विचारायची, "काही सुगावा?" काका दिवसभराचा तपास सांगायचे. स्पीकरवर संशय आला म्हणून ते बर्डीवर जाऊन दुसरा घेऊन आले. गाणं पहिल्या ओळीला गप. स्पीकर निर्दोष सुटला, पण घेतलाच आहे म्हणून घरी राहिला. इंटरनेटची वायर काढली, "बाहेरच्या लोकांशी संपर्क तोडला" म्हणाले. गप. सर येऊन म्हणाले, अपडेटच्या आधी जी अवस्था होती तिच्यावर कॉम्प्युटर मागे नेता येतो म्हणे. नेऊन पाहिलं, कॉम्प्युटरनेच सांगितलं की मागे जाता येत नाही. सरांनी चष्मा पुसला आणि घरी गेले.

एका संध्याकाळी आम्ही ओळख परेड घेतली. ही काकांची कल्पना, आणि मला अजूनही ती फार आवडते. इंटरनेटची वायर परत लावून मी वेगवेगळे पाच प्लेअर उतरवून घेतले, पडद्यावर एका ओळीत मांडले, आणि तेच गाणं एकेकाकडून वाजवून घेतलं. हेतू असा, की जुना प्लेअर गुन्हेगार असेल तर तोच मिटेल आणि बाकीचे वाजत राहतील. पहिला मिटला. दुसरा मिटला. तिसरा मिटला तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. पाचवाही मिटल्यावर ते उभे राहिले, बैठकीत एक फेरी मारली आणि समोरच्या घराकडे तोंड करून ओरडले.

"सर! टोळी हाये! टोळी!"

मी वैतागायला हवं होतं, पण मीही उठून उभी होते आणि ओरडत होते, "म्हणजे प्लेअर निर्दोष आहेत काका! पाचही जणांना दुसरंच कोणीतरी मारतंय!" आम्ही दोघं इतके आनंदलो होतो, की गाणं अजून वाजलेलं नाही हे आमच्या लक्षातच राहिलं नाही.

या सगळ्या धामधुमीत घरात दिवसभर काय ऐकू येत असेल? काकूंच्या तरुण आवाजातली एक ओळ, आणि गप. पुन्हा ओळ, आणि गप. कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी काका हातमागाच्या गाण्यावर अडून बसले होते. त्यात भुलाबाईसाठी मागावर लुगडं विणायला घेतलंय आणि रोज कोणीतरी सूत चोरून नेतं. काकांचं हे लाडकं गाणं, कारण त्यात चोरी आहे. पण गाणी भरताना त्यांचं सगळं लक्ष माइककडे होतं आणि गेल्या कोजागिरीला स्पीकरकडे, त्यामुळे शेवटी चोर कोण निघतो हे त्यांनी कधीच लक्ष देऊन ऐकलेलं नव्हतं, आणि आता प्लेअर ऐकू देत नव्हता.

पहिली ओळ वाजली, प्लेअर मिटला. काकांनी माउस आपटला नाही, पण अलगद बाजूला ठेवला.

आणि आतून दुसरी ओळ आली.

मला वाटलं प्लेअर पुन्हा सुरू झाला. पण पडद्यावर डोंगरच होता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, थोडा घोगरा, थोडा सावकाश. काकू दारात आल्या. हाताला कणीक. रागावलेल्या.

"काहो, काय लावलं हे केव्हाचं? अर्धं सोडत असतात काय भुलाबाईचं गाणं? दोष लागते!"

आणि आमच्यावरचा राग तसाच ठेवून त्यांनी गाणं पुढे म्हटलं. दाराच्या चौकटीला टेकून, कणकेचे हात अधांतरी धरून, कडव्यामागून कडवं. सूत दिराने नेलं नाही, सासूने नेलं नाही, शेजारणीने नेलं नाही. मला भीती वाटत होती की आता थांबतील, आता पुढची ओळ जाईल. नाही गेली! शेवटच्या कडव्यात चोर सापडला. नणंद निघाली. घरातलीच.

"झालं," काकू म्हणाल्या. "अर्धं सोडू नका पुन्हा." आणि पोळ्या लाटायला परत गेल्या.

मी काकांकडे वळले. मला वाटलं त्यांचे डोळे भरून आले असतील. पण काका टेबलाकडे टक लावून पाहत होते. गाणं त्यांनी ऐकलं होतं, पण फौजदारासारखं.

"नणंद," ते म्हणाले. "घरातलंच माणूस. पोरी, आपण सगळे बाहेरचे तपासले. घरचं कोण हाये याच्यात? जुनं, भरोशाचं, ज्याच्यावर मी कधी संशय घेतला नाही?"

त्यांचं त्यांनाच सुचलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. काकूंचा आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा यावा म्हणून त्यांनी फार पूर्वी आवाजाच्या सेटिंगमध्ये 'मोठा हॉल' नावाची एक खूण करून ठेवली होती. कुठलाही प्लेअर लावला तरी आवाज त्या हॉलमधून जायचा. अपडेटने आवाजाची आतली व्यवस्था नवी केली होती आणि हा जुना हॉल तिला झेपत नव्हता. जो प्लेअर त्यात शिरे तो पडे. आम्ही ती सेटिंग शोधली. नव्या व्यवस्थेत ती भलत्याच ठिकाणी दडली होती, त्यामुळे शोधण्यातच संध्याकाळ झाली आणि मग वीज गेली, ती रात्रभर आली नाही. कोजागिरीच्या सकाळी काकांनी देवपूजा आटोपून ती खूण स्वतःच्या हाताने काढली.

गाणं लागलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. पहिलं कडवं. दुसरं!

मी टाळ्या वाजवायला लागले. काका खुर्चीतून उठून चक्क माझ्यासमोर सलाम ठोकून उभे राहिले. "आरोपी अटकेत! अवं, ऐकलं का? ये बाहेर! वाजून राहिलं पाह्य!"

काकू पदराला हात पुसत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. गाणं कुठेही न अडखळता चाललं होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिल्या. ओठ मिटलेले. कडवं संपलं, पुढचं आलं, तेही त्यांनी तसंच ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोण म्हणून राहिली वं ही? गोड म्हणते."

मी काकांकडे पाहिलं.

काकांनी गाणं थांबवलं नाही. ते हळूच म्हणाले, "तूच हायेस वं ती."

"छ्या!" काकू हसल्या. "माह्या कुठी असा आवाज? मले नाही येत एवढं." आणि गाणं संपायच्या आत उठून आत गेल्या.

बैठकीत ती गोड म्हणणारी बाई म्हणतच राहिली. काकांनी ती बंद केली. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

मग त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न त्यांनी नेहमीसारखा तपासासाठी विचारला नव्हता, "पोरी, काल गाणं मेलं, तं तिनं पूर्ण म्हटलं. व्हय ना?"

"हो काका. एकही ओळ न चुकता."

"आन आज गाणं चालू राहिलं, तं ती चूप."

"हो."

त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला, परत घातला आणि माउसवर हात ठेवून पाहिला, तो हाताखाली नीट बसतो का म्हणून.

"संध्याकाळी यंत्रावर मीच बसन," ते म्हणाले. "तू तिच्या खुर्चीपाशी राह्य."

दिवे लागायच्या सुमाराला अंगण भरलं. धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोबा बसले, गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन आल्या, आया आल्या, सर बायकोसोबत आले आणि मांडीवर शाल घेऊन बसले. काकूंना मी नवं लुगडं नेसवून खुर्चीवर आणून बसवलं. त्या माझा हात सोडत नव्हत्या. खिडकीत स्पीकर होता, आणि स्पीकरमागे, अर्ध्या अंधारात, काकांचा चष्मा चमकत होता.

पहिलं गाणं लागलं. पहिली ओळ पूर्ण झाली. मी खिडकीतून त्यांच्या बोटाकडेच पाहत होते. बोट खाली गेलं.

गप.

"बंद पडलं!" काका खिडकीतून ओरडले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे. "अपडेट आला तव्हापासून असंच करून राहिलं हो हे! मले नाही जमलं!"

"अरे काका!" पोरी ओरडल्या. टिपऱ्या थांबल्या. कोणीतरी फोन काढला. काकूंनी माझा हात आणखी घट्ट धरला, आणि त्या क्षणी मला वाटलं आपण फार भयंकर काहीतरी करून बसलो आहोत, सगळ्यांसमोर, त्याच अंगणात. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग हात सुटला.

"अर्धं सोडत असतात काय, बाई!" काकू म्हणाल्या, आणि दुसरी ओळ त्यांनी उचलली.

पोरींना कळायला क्षणभर लागला. मग एका टिपरीचा आवाज आला, मग दोन, आणि मग सगळ्यांचा. सरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. गाणं संपलं, काकांनी पुढचं लावलं, पहिली ओळ, गप, "मेलं हो पुन्हा!" आणि काकू पुढे. त्यांना आता जोर चढला होता. प्लेअर बंद पडण्याची त्या वाटच बघत होत्या, पडला रे पडला की हात उंचावून सुरू.

एका लांबलचक गाण्यात त्या अडखळल्या. कडवं संपलं आणि पुढे काही येईना. डोळे भिरभिरायला लागले. टिपऱ्या मंदावल्या. मी खिडकीकडे पाहिलं. काका पडद्यावर वाकले होते, चष्मा काचेला टेकेल इतके, आणि माउस पुढे-मागे सरकवत होते. स्पीकरमधून तिसऱ्या कडव्याचे फक्त दोन शब्द आले, तरुण आवाजातले, आणि लगेच गप. काकूंनी मान झटकली आणि त्या दोन शब्दांना धरून संपूर्ण कडवं म्हणून टाकलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही असेन, टिपऱ्यांच्या आवाजात कोणाला कळलं नाही.

गाणी संपल्यावर काकूंनी डबा मांडीवर घेतला आणि पोरींना खूप रडवून मगच खाऊ ओळखू दिला. तोवर काका बाहेर येऊन पायरीवर बसले होते. बनियन घामाने भिजलेली. सर मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"काय फौजदार, एवढे पंचनामे केले, ओळख परेड केली, आणि शेवटी आरोपी सुटला?"

"सुटला, सर."

"आम्हाला वाटलं होतं तुमच्या हातून कोणी सुटत नाही."

"सुटला म्हटलं ना. आता काय लिहून देऊ काय?" काकांचे कान लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही भुलाबाईच्या मखराकडे पाहत राहिले.

काकू डबा घेऊन आमच्याकडे आल्या. चेहरा नुसता फुलला होता. काकांच्या हातावर त्यांनी खाऊ ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी होती म्हणून झालं. नाहीतर तुमच्या त्या मशीनच्या भरोशावर राहिली असती, तं भुलाबाई आज तशीच परत गेली असती. एवढे दिवस त्याच्यासमोर बसून केलं काय तुम्ही?"

काकांनी खाऊ तोंडात टाकला. चावता चावता मान खाली घातली.

"गुन्हा कबूल," ते म्हणाले.